वाचकांचे प्रश्न : खराब बल्बची टोपी परत वापरता येते का?

प्रश्न : काका नमस्कार. आमचं नाशिकच्या अंबडला छोटं युनिट आहे, एलईडी बल्ब असेंबल करतो. रोज थोडे रिजेक्ट निघतात, ते पोत्यात साचत राहतात. शिवाय वडिलांच्या वेळचे जुने पिवळे बल्ब, ट्यूब, चोक असलं सगळं माळ्यावर पडून आहे. भंगारवाला काचेसकट घ्यायला तयार नाही, घेतलं तर भाव असा देतो की न दिलेलं बरं. या सगळ्यातून टोप्या आणि बाकीचं मेटल काढून परत वापरता येईल अशी एखादी मशीन घरच्या घरी बनवता येईल का? बजेट फार नाही. (एक वाचक, अंबड)

उत्तर : भाऊ, प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण माझं अर्धं आयुष्य टूलरूममध्ये गेलंय आणि रिजेक्ट माल पोत्यात घालून विसरून जाणं मला कधीच पटलं नाही. मशीन बनते, तुमच्या बजेटमध्ये बनते. पण मोटर आणायला जायच्या आधी एक मोठं टेबल मांडा आणि चार क्रेट ठेवा. एकात एलईडी, एकात फिलामेंटवाले जुने बल्ब, एकात चोक आणि पट्ट्या, आणि चौथ्यात ट्यूब, सीएफएल, रस्त्यावरच्या दिव्यांचे सोडियम आणि मर्क्युरी बल्ब. हा चौथा क्रेट मशीनच्या जवळसुद्धा न्यायचा नाही, त्याचं का ते पुढे सांगतो. निवडायचं काम कंटाळवाणं आहे हे मान्य, पण तांदूळ निवडल्याशिवाय भात लावत नाही तसंच आहे हे, एक खडा सगळा घास बिघडवतो.

आता एलईडीपासून सुरू करू, कारण तुमचा रोजचा माल तोच आहे आणि खरा फायदाही तिथेच आहे.

आपल्याकडची पिनवाली टोपी म्हणजे बी२२, २२ मिलिमीटर व्यासाची, बाजूला दोन बारीक पिना. एलईडी बल्बला ही टोपी सिमेंटने चिकटवलेली नसते, प्लास्टिकच्या मानेवर बसवून बाहेरून पंच मारलेला असतो, निरखून बघा, कडेने छोटे छोटे खळगे दिसतील. त्या खळग्यांनी ती प्लास्टिकमध्ये रुतून बसते. पक्कडीने ओढायला गेलात की टोपी अंडाकृती होते आणि मग होल्डरमध्ये कधीच जात नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा एक अख्खा दिवस पक्कड घेऊन टोप्या काढल्या होत्या आणि संध्याकाळी उस्तादांनी त्यातली एक उचलून होल्डरमध्ये घालायला दिली, गेली नाही, दुसरी दिली, तीही गेली नाही. ते काही बोलले नाहीत, पण ते मी अजून विसरलो नाहीये.

तेव्हा टोपी ओढायची नाही, पिळायची. आणि पीळ किती लागेल हे आधीच माहीत आहे ही त्यातली चांगली गोष्ट. मानकाप्रमाणे बी२२ टोपीने ३ न्यूटन-मीटर पीळ न सुटता सहन करायचा असतो, म्हणजे ३० सेंटिमीटरची दांडी घेऊन टोकाला १ किलो वजन टांगलं तर जेवढा जोर लागतो साधारण तेवढा. तुमच्या मशीनला याच्यापेक्षा जास्त जोर पाहिजे पण वेग अजिबात नको. गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर घ्या, आतच वर्म गियर असतो, हळू फिरते आणि जोर भरपूर, जुन्या गाड्यांच्या भंगारात सहज मिळते. खाली जाड स्टीलचं सॉकेट लेथवर करून घ्या, होल्डरला असतात तशाच दोन खाचा त्याला पाडा, टोपीच्या पिना त्यात अडकतील. वरून बल्बचं अंग धरायला तीन जबडे, आतून रबर लावलेले. अंग फिरतं, टोपी अडकून राहते, प्लास्टिकवरून खळगे घासत जातात आणि टोपी अख्खी हातात येते. रिजेक्टमधले वीस-पंचवीस बल्ब वाया घालवून जबड्यांची पकड जमवावी लागेल, ते धरूनच चाला.

मात्र पिळायच्या आधी टोकाच्या दोन टिकल्या बघा. तिथे डाग दिलेला असेल, म्हणजे सोल्डर असेल, तर आतून ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या, वायरी टिकल्यांना धरून आहेत. आधी गरम आयर्नने डाग सोडवा, शिसं-कथलाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशाच्या आसपास वितळतं, तेव्हा फार तापवायची गरज नाही. बऱ्याच नव्या बल्बमध्ये सोल्डर नसतं, नुसती पिन दाबून बसवलेली असते, ती चाकूच्या टोकाने उचलली की झालं.

टोपी निघाली की ती गोल मँड्रेलवर, म्हणजे टोपीत नेमक्या बसणाऱ्या दांड्यावर, चढवा आणि बाहेरून रोलर फिरवून खळगे सपाट करा. मग नव्या अंगावर बसवताना पंच जुन्या खळग्यांवर न मारता मधल्या जागी मारा, तिथे धातू अजून ताजा असतो. आणि बसवल्यावर तोच ३ न्यूटन-मीटरचा पीळ देऊन बघा, एकूण एक टोपीला, नमुन्याला दोन-चार घेऊन नाही. ही टोपी उद्या कुणाच्या तरी बाथरूममध्ये ओल्या हाताने फिरवली जाणार आहे, बल्ब काढताना टोपी होल्डरमध्येच राहिली आणि वायरी उघड्या पडल्या तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

हे सगळं फक्त तुमच्या स्वतःच्या रिजेक्टसाठी बरं का, जे बल्ब कधी होल्डरला लागलेच नाहीत. बाजारातून वापरून आलेल्या बल्बच्या टोप्या परत बल्बला लावू नका, होल्डरमध्ये ठिणग्या पडून त्यांच्या टिकल्या खड्डेदार झालेल्या असतात, त्या वजनावर जाऊ द्या. आणि एलईडी बल्ब विकायला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे, आयएस १६१०२ हे त्याचं मानक, त्यामुळे परत वापरलेला सुटा भाग घालायच्या आधी तुमच्या नोंदणीत ते बसतं का ते विचारून घ्या. नाही बसलं तरी टोपी वाया जात नाही, निवडलेलं स्वच्छ मेटल म्हणून तिला पोत्यातल्या कचऱ्यापेक्षा केव्हाही जास्त भाव आहे.

एलईडीत टोपीपेक्षा जास्त वजन त्या ॲल्युमिनियमच्या वाटीचं निघतं. सुरुवातीच्या काळातल्या बल्बना तर अख्खं अंगच ॲल्युमिनियमचं होतं, पाकळ्या पाकळ्यांचं, हातात घेतलं की जड लागायचं. आता वरून प्लास्टिक आणि आत पातळ वाटी असते, शिवाय एलईडीचे ठिपके लावलेली गोल प्लेट, तीही ॲल्युमिनियमचीच. प्लेट बहुतेक वेळा नुसती दाबून बसवलेली असते, पेचकसाने उचकटते. हे ॲल्युमिनियम टाकू नका, मातीतून नवं ॲल्युमिनियम काढायला जेवढी वीज लागते त्याच्या साधारण ५ टक्क्यांतच जुनं वितळून परत होतं, म्हणून त्याला कायम गिऱ्हाईक असतं. तुमच्या रिजेक्टमधल्या प्लेटवरचे एलईडी चालू असतील तर प्लेट वितळायला देण्यात काही अर्थ नाही, बल्ब बहुतेक ड्रायव्हरपायी रिजेक्ट होतात, प्लेट टेस्ट करून सरळ लाईनवर परत घ्या.

आता वडिलांच्या वेळचे पिवळे बल्ब. इथे मामला वेगळा, टोपी काचेच्या मानेला सिमेंटने चिकटवलेली असते. यावर एक जुना उपाय सगळे सांगतात, टोपी गॅसवर तापवायची आणि पाण्यात बुडवायची, काच तडकते आणि टोपी मोकळी. टोपी मोकळी होते हे खरंय, पण तिच्या टोकाला बघा, दोन टिकल्यांच्या मध्ये आणि भोवती काळी चकचकीत काच असते. तीच टिकल्यांना टोपीच्या पत्र्यापासून वेगळं ठेवते. पाण्यात चर्र झालं की त्या काळ्या काचेलाही केसाएवढी चीर जाते, डोळ्यांना दिसत नाही, आणि अशी टोपी परत वापरली तर बाहेरच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. म्हणून पाणी नाहीच.

त्याऐवजी असं करा. आधी काच काढायची, बंद पेटीत. लोखंडी पत्र्याची पेटी, समोर जाड ॲक्रिलिकची खिडकी, हात घालायला दोन रबरी बाह्या, खाली घसरगुंडी आणि तिच्या तोंडाशी डबा, बाजूने ब्लोअरने हवा ओढून कापडी पिशवीत सोडायची. आत टोपी सॉकेटमध्ये धरून काच दाबून फोडायची. चष्मा घालूनच, बल्बमध्ये आर्गॉन भरलेला असतो पण दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, काच आतल्या बाजूला बसते आणि तुकडे कुठेही उडतात. उरलेली टोपी, तिच्यात अडकलेला काचेचा कडा आणि सिमेंट, हे सगळं थर्मोस्टॅट लावलेल्या गरम प्लेटवर ठेवा, २५० ते ३०० अंशाच्या आत. सिमेंट हळूहळू जळून ठिसूळ होतं. धूर येतो, त्यामुळे वर चिमणी पाहिजे. मग प्लेट बंद करून टोप्या आपसूक गार होऊ द्या, घाई नाही, गार झाल्या की आतून लाकडी ठोकणीने सिमेंटचा भुगा बाहेर पाडा. गॅसच्या ज्योतीवर मारलीत आणि पितळ लाल झालं तर ते मऊ पडतं, पिना ढिल्या होतात, टोपी फुकट जाते.

या जुन्या टोप्या आता बल्बला लावायच्या म्हणाल तर मी नको म्हणेन. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, असेल तर ५०० व्होल्टवर एक नवी टोपी आणि एक जुनी टोपी शेजारी शेजारी मोजून बघा, फरक दिसला की तुमचं तुम्हालाच पटेल. टेस्टिंगचा जिग, शाळेच्या प्रयोगाला लागणारा सेट, डेमोची पट्टी, असल्या बॅटरीवरच्या कामाला त्या उत्तम चालतात. बाकीच्या वजनावर. आणि वजनावर देताना पितळ आणि ॲल्युमिनियम वेगळं काढा, वरून दोन्ही पांढरी दिसतात कारण पितळेवर निकेलचा मुलामा असू शकतो. कानशीचा एक घाव घाला, आतून पिवळं निघालं तर पितळ, पांढरंच राहिलं तर ॲल्युमिनियम, आणि कानशीच्या आधी लोहचुंबक लावा म्हणजे लोखंडी टोप्या आपोआप बाजूला होतील. तळहातावर घेऊनही कळतं, पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं.

फिलामेंटच्या मागे लागू नका. टंगस्टन आहे, ३४०० अंशाच्या वर वितळतं, ऐकायला भारी वाटतं, पण बल्बमागे इतकं कमी की पोतंभर बल्ब फोडून चिमूटभर येत नाही.

चोक हा मात्र खरा माल. जुन्या जड चोकमध्ये तांब्याची वायर आणि सिलिकॉन स्टीलच्या पट्ट्या असतात. काही चोकमध्ये ॲल्युमिनियमची वायरही असते, तेव्हा टोक खरवडून बघा. बरेच लोक चोक आगीत टाकतात, वार्निश आणि प्लास्टिक जळून तांबं मोकळं होतं म्हणून. कृपा करून हे करू नका, तो काळा धूर तुमच्या आणि शेजारच्या पोरांच्या छातीत जातो आणि तांबंही काळं पडून भाव उतरतो. पत्र्याचं कव्हर उचकटा, छिन्नीने गुंडाळीची एक बाजू कापा, दुसऱ्या बाजूने ठोकून बाहेर काढा. एकदा हात बसला की पटापट होतं.

आता तो चौथा क्रेट. ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, काही मिलिग्रॅमच, पण तो साध्या हवेतसुद्धा वाफ होऊन उडतो, वास नाही रंग नाही, आणि जास्त करून मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर जातो. ट्यूबच्या दोन टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या आणि पितळी पिना बघून हात शिवशिवतात हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठीही मशीन असते, दोन्ही टोकं कापून आतली पांढरी पावडर हवेने ढकलून काढतात, किंवा अख्खी ट्यूब बंद ड्रममध्ये चुरतात, आणि सगळी हवा गंधक लावलेल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून जाते म्हणजे पारा तिथेच अडकतो. हे शेडमध्ये कापडी पिशवीच्या ब्लोअरवर होण्यासारखं काम नाही, कापडातून पाऱ्याची वाफ सरळ निघून जाते. ट्यूब अख्ख्याच ठेवा, ज्या खोक्यातून आल्या त्यातच उभ्या, आणि नोंदणी असलेल्या रिसायकलरला द्या. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, उत्पादक असो, दुरुस्त करून विकणारा असो की रिसायकलर, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. तुम्ही स्वतःचे रिजेक्ट सोडून बाहेरचा माल फोडायला घेणार असाल तर त्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इथल्या ऑफिसात जाऊन लेखी विचारून या, एक चक्कर पडेल पण नंतर डोक्याला ताप नाही.

प्रश्न : काका, मी सिन्नरला छोटी पितळेची भट्टी चालवतो. बल्बच्या टोप्या स्वस्तात मिळतायत, भांड्यांच्या मोडीत मिसळून ओतल्या तर चालेल का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : दादा, नाही, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

टोपीच्या टिकल्यांवर जो डाग असतो त्यात बहुतेक वेळा शिसं असतं. मुशीत टाकल्यावर ते कुठे जात नाही, पितळेतच मिसळून राहतं. आपल्या भांडी बाजारात लोक आजीचा हंडा, फुटका तांब्या मोडीत घालून नवं पातेलं घेऊन जातात, त्या विश्वासावर तर हा धंदा पिढ्यान् पिढ्या चाललाय. त्याच पातेल्यात उद्या कोणीतरी आमटी उकळणार, चिंच-कोकम घालणार, आणि आंबट पदार्थ पितळेतलं शिसं आधी ओढतात. कल्हई आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कल्हई वर्षा-दोन वर्षांत उडते आणि कल्हईवाले आता शोधावे लागतात. लहान मुलांच्या अंगात शिसं थोडं थोडं साचत गेलं तरी बुद्धीवर परिणाम होतो, आणि कुठून आलं ते आईबापाला कळतही नाही.

टोप्या घ्यायच्याच असतील तर वेगळी मूस, वेगळा घाणा, आणि त्यातून नळाचं किंवा जेवणाखाण्याचं काही ओतायचं नाही. दाराच्या कड्या, बिजागऱ्या, मशीनचे बुश असलं काही. बुशला तर थोडं शिसं मुद्दाम घालतात, कटाईला बरं पडतं. आणि त्या घाण्याच्या मालावर खूण ठेवा, रंगाचा पट्टा मारा, तुम्हाला लक्षात आहे पण उद्या भट्टीवर दुसरा माणूस असेल.

अजून एक. पितळ जास्त तापलं की जस्त पांढऱ्या धुरासारखं उडतं, ९०७ अंशाला जस्त उकळतं आणि पितळ वितळतं त्याच्या आसपासच. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, लोकांना वाटतं मलेरिया झाला. पातळ टोप्या सुट्या टाकल्या तर जस्त जास्त उडतं, आधी दाबून गठ्ठा करा आणि भट्टीवरचं धुराडं नीट ओढतंय का ते बघा.

प्रश्न : काल आमच्याकडे सीएफएल फुटला. मी केरसुणीने झाडून घंटागाडीत टाकला, नंतर कोणीतरी सांगितलं त्यात पारा असतो. मुलगा दोन वर्षांचा आहे, रात्रभर झोप नाही आली. (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : ताई, आधी शांत व्हा. एका सीएफएलमध्ये पारा साधारण ५ मिलिग्रॅमच्या आतच असतो आणि त्यातलाही सगळा हवेत जात नाही. आज एवढं करा की त्या खोलीच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा, फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं घट्ट पिशवीत बांधून टाका, केरसुणीही टाकून द्या. सतरंजी किंवा चादरीवर काचेचा चुरा पडला असेल तर ती घरात झटकू नका, बाळाच्या अंगाखाली तर नकोच. मनातून जात नसेल तर मुलाच्या डॉक्टरांना एकदा सांगून ठेवा.

पुन्हा कधी फुटला तर आधी बाळाला बाहेर न्या, पंखा बंद, खिडक्या उघड्या, आणि दहा-पंधरा मिनिटं त्या खोलीत जाऊच नका. मग जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करायच्या, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपायचा, आणि सगळं लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं. झाडू नाही आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, त्याने पारा घरभर उडतो. बरणीवर चिठ्ठी लावा आणि घंटागाडीवाल्या दादांच्या हातात वेगळी द्या, त्यांना सांगून द्या आत काय आहे. ती माणसं पाथर्डीच्या कचरा डेपोपर्यंत दिवसभर त्या कचऱ्याबरोबर असतात आणि बऱ्याच जणांच्या हातात ग्लोव्हजसुद्धा नसतात.

घरात अजून सीएफएल लागलेले असतील तर ते उडायची वाट न बघता एलईडी लावा, काढलेले अख्खे जपून ठेवा. पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात आपला देश २०१८ पासून आहे, आणि आता ट्यूबलाईटही बंद व्हायची पाळी आलीये.

प्रश्न : मी सातपूरला आयटीआयला आहे. तुम्ही सांगता तशी टोपी काढायची मशीन प्रोजेक्ट म्हणून केली तर चालेल का? (एक विद्यार्थी)

उत्तर : बाळा, जरूर कर. फक्त एलईडीवाली कर, काच फोडायची नको. सॉकेटच्या खाचा तुझ्या हाताने लेथवर आणि कानशीने काढ, विकतचा होल्डर वापरलास तर दहाव्या टोपीला त्याच्या खाचा वाकतील. आणि नुकताच चालू असलेला बल्ब उघडत असशील तर ड्रायव्हरमधल्या त्या गोल उभ्या कपॅसिटरला हात लावायच्या आधी त्याच्या दोन पायांमध्ये रेझिस्टर धरून डिस्चार्ज कर, वीज बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक असू शकतो. पहिली अख्खी टोपी निघाली की होल्डरमध्ये घालून बघ, गेली का ते मला कळव.